खुर्चीतून बारा वेळा

"दहा… अकरा… वेळ संपली!" फिजिओ बाईंनी घड्याळ थांबवलं. हात छातीशी बांधून अर्धवट उठलेले आजोबा धप्पकन खुर्चीत बसले. अर्ध्या मिनिटात बारा वेळा उठायचं होतं. एकाने हुकलं.

आजोबांचा चेहरा पडला. बारा जमले असते, तर नातीला शाळेत पोचवायचं काम पुन्हा त्यांना मिळालं असतं. अट मुलाने घातली होती, आणि त्याचंही चूक नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी फुटपाथला ठेचकाळून आजोबा नातीला घेऊनच आडवे झाले होते. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. ते आजोबांना अजून टोचत होते.

तोरा मात्र कायम होता. "पस्तीस वर्षं पोस्टमन होतो मी. रोज पंधरा किलोमीटर चाललोय. माझ्या पायांना काय धाड भरलीय?" पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना सुनावलं होतं.

बाई हसल्या होत्या. "चालायला लागतात ते स्नायूंचे संथ तंतू. दिवसभर राबतात. तुमचे पक्के आहेत, आजोबा. पण तोल गेला की झटक्यात सावरतात ते जलद तंतू. त्यांना तुम्ही वर्षानुवर्षं कामच दिलं नाही, म्हणून आळसावलेत. खुर्चीतून खटकन उठत जा, जागे होतील."

तेव्हापासून आजोबा घरातल्या खुर्च्यांच्या हात धुऊन मागे लागले होते. बातम्या बघताना, भाजी निवडताना उठबस चालूच. मोजायला नात असायची. आजोबा लवकर सुटावेत म्हणून ती मधले आकडे बिनधास्त गाळायची.

"राहू द्या, बाबा. पुढच्या महिन्यात बघू," नातीचं दप्तर खांद्याला लावून उभा असलेला मुलगा हळूच म्हणाला.

आजोबांचा उतरलेला चेहरा पाहून नात दारातून धावत आली. पायपुसण्यात तिचा पाय अडकला. समोर टेबलाचा कोपरा होता.

बाई किंचाळल्या. मुलाच्या खांद्यावरून दप्तर पडलं. पण नात आजोबांच्या हातांत होती, टेबलापासून वीतभर अलीकडे, आणि आजोबा आपल्या पायांवर ताठ उभे होते. खुर्चीला टेकायला त्यांचे हात मोकळे होतेच कुठे?

"बारा!" नात ओरडली.

मुलाने बाईंकडे पाहिलं. त्या कागदावरचा अकराचा आकडा खोडत होत्या. त्याने दप्तर उचललं आणि बाबांच्या खांद्याला अडकवलं.

"या वेळी एकही आकडा गाळला नाहीस गं," तो म्हणाला.