बदल नाही

अंतराळयानातून लेकीची, ऋजुताची, खुशाली आली का, हे विचारायला सबनीसांनी आजही संपर्क केंद्रात फोन लावला.

"बदल नाही, काका," पलीकडची पल्लवी म्हणाली. "चेहरा, आवाज, तब्येत, खुशालीचे सगळे भाग जुनेच. म्हणून खुशाली तयारच झाली नाही."

"अगं, मग जुनीच पुन्हा धाड की!"

"नियम तुम्हीच लिहिलाय ना, काका."

खरंच होतं. खुशालीचा जो भाग बदलला नाही तो पुन्हा बांधून धाडायचा नाही, ही ओळ नोकरीत असताना त्यांनीच प्रणालीत घातली होती. त्याबद्दल शाल-श्रीफळही मिळालं होतं. तेव्हा ऋजुता शाळेत होती.

खुशाली न आल्याचा आज एकेचाळिसावा दिवस. त्यांच्यातही काही बदललं नव्हतं, म्हणून त्यांची खुशालीही तिकडे जात नव्हतीच. सबनीसांनी वस्तरा घेतला आणि चाळीस वर्षांची मिशी उतरवली. त्यांचा बदललेला चेहरा यानाकडे निघाला.

तिसऱ्या दिवशी पल्लवीचाच फोन आला. "काका, आली! एकच भाग बदललाय."

पडद्यावर ऋजुता होती. यानात चढताना साऱ्यांशी भांडून राखलेली तिची लांबसडक वेणी मानेपासून कापलेली होती.

मग सबनीस आपल्याकडे बदलण्यासारखं आणखी काय उरलंय, ते शोधायला आरशासमोर जाऊन उभे राहिले.