अडखळणारं विमान

"डोंगर काढून टाक," गणपतमामा म्हणाला.

गुरुदासने कळ दाबली. टीव्हीच्या पडद्यावरचे डोंगर नाहीसे झाले. उरली चार घरं, एक रस्ता आणि लांबवर धावपट्टीची रेघ. विमान वळलं, झकास चाललं, आणि मग एकदम उडी मारून धावपट्टीच्या अंगावरच आलं. गुरुदासने त्याचं नाक वर उचलेपर्यंत ते जमिनीत घुसलंही होतं.

"परत मारल्यान उडी!" त्याने टेबलावर मूठ आपटली.

"थांब, बघतंय हां," म्हणत मामाने माहितीपुस्तकात पुन्हा डोकं खुपसलं. पडद्याकडे बघायला त्याला सवड होती कुठे?

मामाने मस्कतहून हा कॉम्प्युटर आणला आणि देवबागच्या त्या घराची झोप उडाली. विमान चालवायचा कार्यक्रम त्यात कॅसेटवरून चढायचा. चढताना टेप अशी किंचाळायची की शेजारपाजारची कुत्री भुंकत सुटायची. गुरुदासला त्याचं काही नव्हतं. लेखी परीक्षेत तो पास झाला होता. डॉक्टरांनी डोळे, कान, छाती सगळं तपासून शेरा दिला होता, उत्तम. आता परवा मुंबईत यंत्रासमोर बसून विमान सरळ उतरवून दाखवायचं, की वैमानिकाच्या प्रशिक्षणाला निवड. वय उलटत चाललेलं, पुन्हा बसता येणार नव्हतं. त्यात अप्पांनी गावभर सांगून ठेवलेलं. आयुष्य बोटीवर काढलेला माणूस, त्याला मुलगा आभाळात जाणार याचं केवढं अप्रूप!

आणि घरचं विमान मात्र अडखळत होतं.

मामाचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्र एका सेकंदात ठरावीकच चित्रं काढू शकतं. घरं, झाडं, डोंगर जास्त मागाल तर चित्रं कमी निघतात आणि विमान ठेचकाळतं. पंगत मोठी आणि वाढपी एकच असला की होतं तसं. पहिल्या दिवशी सगळं चालू ठेवलं तेव्हा विमान बैलगाडीसारखं हिसके देत होतं. झाडं काढली, हिसके कमी झाले. डोंगर काढल्यावर तर जवळजवळ गेलेच. राहिली ती ही मोठी उडी. ती कधी येईल याचा नेम नव्हता.

"गुरू, चाय निवली रे. कितक्या वेळा सांगू?" माई दारातून म्हणाली.

गुरुदासने कप ओढला. चहावर साय धरली होती. माई केव्हा ठेवून गेली कोण जाणे.

"झिल माझो वैमानिक झालो," अप्पा ओटीवरून हसले. "पाय जमनीर टेकनत नाय. सकाळी सायकल घेवन सरळ वयंत गेलो!"

सायकल वयंत, म्हणजे कुंपणात, गेली होती हे खरंच. पण परवाची परीक्षा डोक्यात असताना सायकलीकडे कोणाचं लक्ष असणार? गुरुदास उठला, विहिरीपर्यंत गेला, परत आला, बसला. पुन्हा उठला.

"लाईटीचा काम आसतला," अप्पा म्हणाले. देवबागात काहीही बिघडलं की दोष लाईटीचा, आणि बहुतेक वेळा तो असतोही. मामाने बाबलीच्या दुकानातला फ्रीजचा स्टॅबिलायझर उचलून आणला. काटा जागचा हलेना, म्हणजे लाईट स्थिर होती. विमानाने मात्र उडी मारलीच.

"राखणदाराक नारळ ठेवलास?" माईने विचारलं. "नवी वस्तू घरात हाडलास, इचारलास कोणाक? मगे अडखळतला नाय तर काय?"

गुरुदास चिडला, पण माईने गाव राखणाऱ्या त्या देवाला नारळ ठेवलाच. त्याने घरं काढली, रस्ता काढला. माई पदराला हात पुसत आत आली. "डोंगर गेले, घरां गेली. आता ह्या विमानान उतराचा तरी खंय?"

गुरुदासला हसू आलं नाही. उद्याची एस.टी. पकडायची होती, आणि आज घरात बसून एकदाही नीट उतरता येत नव्हतं. अप्पांना काय तोंड दाखवायचं? त्याला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात त्याची बहीण नीरजा आली. ती मालवणच्या शाळेत शिकवायची. शनिवारची शाळा सुटून घरी पोचली होती.

"तू चालवतंस आणि तूच बघतंस," ती म्हणाली, "मगे चूक कळतली कशी? सर बाजूक. मी चालवतंय, तू नुसतो बघ."

हे कोणाला सुचलंच नव्हतं. गुरुदासने खुर्ची बाजूला ओढली. नीरजाला चार कळा समजावून सांगितल्या. मामाने पुस्तक मिटलं, अप्पा ओटीवरून उठून आले. पहिल्यांदाच सगळं घर पडद्याकडे बघत होतं.

नीरजाने विमान उचललं. कळा जरा शोधाव्या लागत होत्या, पण विमान चाललं. मोकळ्या जमिनीवरून ते वळलं. समोर धावपट्टीची बारीक रेघ दिसू लागली. गुरुदास पुढे वाकला. या वेळी पापणीसुद्धा लवू द्यायची नाही, असं त्याने ठरवलं.

विमान धावपट्टीवर उभं होतं.

"बघलास?" तो ओरडला. "बघलास सगळ्यांनी? आत्ता रेघ लांब होती, आणि आता विमान थंय उभा! ही बघा ती उडी!"

कोणी पडद्याकडे बघत नव्हतं. अप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. नीरजाचे हात कळांवर नव्हते. त्याचे दोन्ही खांदे धरून ती त्याला हलवत होती.

"गुरू, विमानान खंयच उडी मारल्यान नाय रे," ती म्हणाली. "मी सरळ उतरवलंय. तू उघड्या डोळ्यांनी नुसतो बसान होतंस, कवापासून तुका हाक मारतंय."