हलवलेले दगड

पिंपरीच्या नव्या वसाहतीत, साहेबांच्या बंगल्यातल्या काचेच्या पेटीत एक पट्टेरी मासा भलताच दांडगा निघाला. कोपऱ्यातल्या दगडाआड त्यानं ठाण मांडलं होतं. दुसरा मासा जवळ फिरकला की अंगावर धावून जायचा. आज त्याला बादलीत काढलं होतं आणि बंगल्याचा माळी हिंदुराव पेटीतले दगड इकडचे तिकडे करत होता.

"दगड हलवले की आपली जागा कुठली तेच त्याला कळत नाही," साहेब म्हणाले. "मग राहतो मुकाट्यानं चारचौघांत."

मासा परत सोडला. तो जुन्या कोपऱ्याशी गेला, गरगर फिरला आणि बाकीच्यांच्या घोळक्यात शिरला.

"बघितलंस? विसरला!" साहेब खूश झाले.

हिंदुराव ओले हात धोतराला पुसत बघत राहिला. कंपनीनं जमीन घेतली तेव्हा त्याच्या बांधाचे दगड त्यालाच उपटायला लावले होते.

"तू इथलाच ना रे? तुझं शेत कुठं होतं?"

हिंदुरावानं खिडकीबाहेर पाहिलं. जिकडं तिकडं सारखेच बंगले.

"हितंच कुठंतरी, सायेब."