दोन्ही हात कामात

"ताई, हितं लई येळ बसू नका," ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मालनबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "छताचा त्यो डोळा हलनाऱ्यालाच बघतो. गप बसलेलं मानूस त्याला दिसत न्हाई."

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली आम्रपाली हसली होती. "मावशी, सेन्सर आहे तो. भूत नाही."

आज अकरावा दिवस. दुपारचे चार. खराडीच्या त्या आयटी ऑफिसच्या पाचव्या मजल्यावर, लेडीज टॉयलेटमधल्या शेवटच्या दारामागे ती बसली होती. एका हातात दूध काढायचा पंप, दुसऱ्या हाताने खालची बाटली धरलेली. आडोशाची जागा एवढीच; मीटिंगच्या खोल्या झाडून सगळ्या काचेच्या. बाटलीत नव्वद मिली जमलं होतं. उद्या ती ऑफिसात असताना विश्रांतवाडीला सासूबाई लेकीला हेच पाजणार होत्या. तिने बाटली पंपापासून सोडवली आणि दिवा पुन्हा गेला. रोजच्यासारखी ती उठली, दारावरून हात हलवायला. अंधारात झाकण चाचपताना बाटली सुटली.

दिवा लागला तेव्हा दूध दाराखालून बाहेर चाललं होतं.

मालनबाई मॉप घेऊन धावल्या.

"पुसू नका, मावशी."

"अवो, कुनीतरी घसरंल."

"घसरू दे. आधी हिंदुरावांना दाखवायचंय."

हिंदुराव म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे सुपरवायझर. 'काम चालू आहे'चा पिवळा बोर्ड दारात ठेवून, मालनबाईंना पहाऱ्याला उभं करून ते आत आले. मागे शिडी घेऊन वायरमन कोंडीराम. हिंदुराव बोलत होते ते छताकडे बघून.

"मॅडम, सेन्सर एकदम ओके आहे. लाइट गेला की हात हलवायचा. अख्खं ऑफिस हलवतं."

"माझे दोन्ही हात कामात असतात."

हिंदुरावांनी कोंडीरामला शिडी लावायची खूण केली.

कोंडीरामने वर चढून पांढऱ्या डबीचं झाकण काढलं. "साहेब, डबी बसवलीय बेसिनच्या डोक्यावर. दारामागं कोन बसलंय ते तिला दिसनारच न्हाई. आन टायमर दोन मिनिटांवर हाय."

"दोन मिनिटं कोणी ठरवली?" आम्रपालीने विचारलं.

"सगळीकडे एकच सेटिंग आहे, मॅडम. रीतसर ट्रायल घेतली होती."

"लेडीजमध्ये?"

"जेंट्समध्ये."

दारातून मालनबाईंचं फिस्सकन हसू आलं.

"मग फिरवा ना तो टायमर."

"असं नाही करता येत. मेल टाका, अप्रूव्हल येऊ द्या." हिंदुराव जरा थांबले. "आणि राग मानू नका, पण एवढा वेळ लागतो कशाला, हेच मला कळत नाही."

"कळेल. आत बसा."

"अं?"

"माझं काम टेस्टिंगचं आहे, सर. चूक डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणी मानत नाही, हे मला पाच वर्षांत समजलंय. त्या शेजारच्या दारामागे जा. कडी लावा, कमोडचं झाकण टाकून बसा, हात गुडघ्यांवर. हलायचं नाही."

एव्हाना बोर्डापाशी चार-पाच जणी जमल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "सर, मोबाइल बाहेर ठेवून जा. टॉर्च लावाल."

हिंदुरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. हसण्यावारी नेता येईल असा एकही चेहरा तिथे नव्हता. त्यांनी फोन कोंडीरामच्या हातात दिला आणि आत गेले. कडी वाजली. कोंडीरामने झाकण लावून शिडी बाहेर काढली. बाकीच्या दाराबाहेर सरकल्या आणि श्वाससुद्धा जपून घेऊ लागल्या.

एक मिनिट गेलं. दुसरं संपता संपता टक् झालं आणि अंधार पडला.

"मॅडम?" आतून आवाज आला.

बाहेर दोघी-तिघींनी तोंडावर ओढणी दाबली.

"कोंडीराम, अरे लाइट लाव."

"बटन कुठंय, साहेब? तुमीच काढाय लावलं."

"बरं बरं, हात हलवतो."

"हलवू नका," आम्रपाली म्हणाली. "बाटली सांडेल."

आत बराच वेळ काही हललं नाही. मग कडी निघाली, धडपड ऐकू आली आणि दिवा लागला. हिंदुरावांचा बूट दुधात होता. त्यांनी खाली पाहिलं. पाय उचलावा की तसाच ठेवावा, हे त्यांना कळेना.

"वीस कर रे," ते कोंडीरामला म्हणाले. "आणि उद्या दारांच्या वर एक वेगळा बसव."

कोंडीरामने पुन्हा शिडी लावली आणि टेस्टरच्या टोकाने खटका फिरवला. मालनबाईंनी मॉप टेकवला आणि आम्रपालीकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा कुठे त्या पुसू लागल्या.

"बाकीचे मजले?" आम्रपालीने विचारलं.

"तिथून तक्रार आलेली नाही."

"येणारही नाही. मीसुद्धा दहा दिवस निमूट हातच हलवत होते." तिने शिडीचं एक टोक उचललं. "कोंडीराम, चला. चौथ्यावर."

"मॅडम, निदान मेल तरी..."

"टाकते. चालता चालता."

कोंडीरामकडे शिडी एकच आहे आणि सहाला त्याची ड्युटी संपते. सगळीकडे तो पोचणार नाही. तेव्हा बायांनो, तुमच्या ऑफिसात कोणी नुकती रजेवरून परतली असेल आणि चारच्या सुमारास जागेवर दिसत नसेल, तर एकदा आत जाऊन बघा. तुम्ही पाऊल टाकलंत की दिवा लागेल. लगेच बाहेर पडू नका. तिची बाटली भरेपर्यंत तिथेच फेऱ्या मारत राहा.