रोज ९१.६५ तास पाणी

बक्षिसाचा रिकामा पाण्याचा जार हातात घेऊन फोटोसाठी मान वळवली, तेव्हा पाहणीवाल्या बाईला मागच्या पडद्यावर आपलीच गल्ली दिसली. सगळ्यात वर, हिरव्या रंगात. 'टाकीमागची गल्ली. नळाला रोज पाणी : सरासरी ९१.६५ तास.'

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, कारण फोटोवाला "अजून एक" म्हणत होता.

बक्षीस होतं पाहणीच्या अर्जातलं एकही खोकं रिकामं न ठेवल्याबद्दल. तिने गल्लीतल्या चाळीस घरांचे अर्ज भरले होते. चाळीसच्या चाळीस चकाचक.

"पूर्वी काय व्हायचं?" साहेब माइकवर रंगात आले होते. "प्रश्न एकच, नळाला रोज किती तास पाणी येतं? आणि उत्तरं बघा. कोणी लिहायचं दीड-दोन, कोणी लिहायचं बऱ्यापैकी. एका महाभागाने तर 'नशिबात असेल तेवढं' असं लिहून आणलं होतं."

सभागृह खो खो हसलं.

"म्हणून शिस्त लावली. दोन खोकी, दोन अंक. एक तास असेल तर शून्य-एक. सांगत नाही म्हणाले तर अठ्ठ्याण्णव. माहीत नाही म्हणाले तर नव्व्याण्णव. रिकामं खोकं नाही म्हणजे नाही."

तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

त्यांच्या गल्लीतला नळ म्हणजे लहरी जावई. कधी पहाटे येऊन ठसकायचा, कधी चार-चार दिवस फिरकायचा नाही. रोज किती तास, हे सांगणार कोण? तिघांनी सुटका करून घ्यायला "लिही एक तास" म्हटलं. बाकीच्या सदतीस घरांनी हात वर केले. तिने सदतीस वेळा, वळणदार अक्षरात, ९९ लिहिलं. त्यातलं एक तिच्या स्वतःच्या घरचं. तिथे उत्तर सासूबाईंनी दिलं होतं, "मला काय माहीत? नळाला विचार."

नव्व्याण्णवचा अर्थ पाहणीच्या सूचना-पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होता. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला पुस्तिका मिळालीच नव्हती. त्याला आकडे मिळाले होते. त्याने बिचाऱ्याने बेरीज केली आणि भागलं.

"आणि याच आकड्यांच्या जोरावर," साहेब म्हणाले, "आज सकाळी आदेश निघाला. यादीतल्या वरच्या तीन गल्ल्यांचा टँकर उद्यापासून बंद. तो गरजूंकडे जाईल."

टाळ्या पडल्या. जार काखेत धरून तिनेही दोन वाजवल्या, आणि मग हात हवेतच राहिले.

साहेब खाली बसले तशी ती त्यांच्या कानाशी गेली. "साहेब, दिवस चोवीस तासांचा असतो."

"सरासरी आहे, बाई. सरासरीत असं होतं."

"ते नव्व्याण्णव म्हणजे तास नाहीत. 'माहीत नाही' आहे ते."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. मग समोरच्या पुस्तिकेकडे बघितलं. ती त्यांनीच लिहिली होती. त्यांनी शेवटचं पान उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"टँकर तेवढा थांबवू नका," ती म्हणाली. "गल्लीत दुसरं पाणी नाही."

"सही झालीय," साहेब कसेबसे म्हणाले. "माझी नाही. वरची."

तेवढ्यात सासूबाई पहिल्या रांगेतून उठून मंचावर आल्या. सुनेचा सत्कार बघायला त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या, आणि तासभर शेजारणीला "आमची ही" करून बेजार केलं होतं.

"काय गं? बक्षीस मिळालं की एरंडेल?"

सुनेने दोन वाक्यांत सांगितलं. सासूबाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"म्हणजे मी म्हटलं माहीत नाही, आणि लिहिणाऱ्याने लिहिलं भरपूर?"

"लिहिणारी मीच, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्या साहेबांकडे वळल्या.

"चोवीस तासांत तर दिवसच संपतो. वरचे साडेसदुसष्ट तास आम्ही कुठे भरून ठेवायचे ते सांगा."

"पुढच्या पाहणीत नक्की सुधारू, आजी."

"पुढची पाहणी कधी?"

साहेबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "ते आत्ता... माहीत नाही."

"लिही गं," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "नव्व्याण्णव वर्षांनी."

त्यांनी तिच्या काखेतला जार ओढून घेतला, झाकण काढलं, आणि मंचावरच्या टेबलावर पाहुण्यांच्या अर्ध्या राहिलेल्या बाटल्या एकेक करून त्यात ओतायला लागल्या. सून क्षणभर उभी राहिली. मग पदवीदान झाल्यासारखी ताठ चालत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथल्या बाटल्या गोळा करून आणायला लागली. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला, आणि खाली ठेवला.

साहेबांची बाटली अजून उघडलेलीही नव्हती. ती त्यांनी स्वतःच पुढे सरकवली.