म्हातारीच्या घराची तपासणी

म्हातारीने दार उघडलं आणि म्हणाली, "या, आत या. गारठलात किती."

टेबलाभोवतीची तिघंही सावरून बसली. एवढं गोड बोलणाऱ्याने त्या जगात आजवर कुणाला सुखाने सोडलं नव्हतं.

जग खेळातलं होतं, औषधवाल्याने रचलेलं. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून, मागच्या खोलीत तो ते चालवायचा. समोर काय दिसतं ते त्याने सांगायचं, आपापला माणूस काय करतो ते बाकीच्यांनी सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. बहुतेक वेळा फसायचं. देव ते जग केव्हाच सोडून गेले होते आणि जाताना विहिरी तेवढ्या नासवून गेले होते. जादू उरली होती ती बरणीच्या तळाला चिकटलेल्या मिठाइतकी. साधा दिवा लावायचा मंत्र म्हटला तरी मांत्रिकाचा एक दात पडायचा. अशा अटींवर मांत्रिक व्हायला कोण तयार होणार? तिघांतल्या दातांच्या डॉक्टरने ते काम आपणहून मागून घेतलं होतं. कुठला दात द्यायचा हे ती नीट विचार करून ठरवायची. दाढा शेवटपर्यंत राखाव्यात, असं तिचं मत होतं.

आज ती बऱ्याच खंडानंतर आली होती. मधे तिची आई गेली. भेटायला गेलेल्या औषधवाल्याने खूप वेळ फडताळाकडे बघून शेवटी एवढंच म्हटलं होतं, की आईच्या सील न तोडलेल्या गोळ्या परत घेता येतील. तेव्हापासून तो काहीतरी बरं बोलायला जागा शोधत होता. तोंडाने बोलणं जमेना, म्हणून त्याने आपल्या जगात, दलदलीच्या टोकाला, एक घर बांधलं. चूल पेटलेली, अंथरुणं कोरडी आणि म्हातारीच्या मनात काही नाही. अशी व्यक्ती तिथे पहिलीच.

"मी आधी घराला बाहेरून चक्कर मारतो," त्याचा मेहुणा म्हणाला. मेहुणा विम्याचे दावे तपासायचा. कुठलंही जळकं गोदाम दिसलं की त्याला आधी रॉकेलचा वास यायचा. खेळात तो भाडोत्री तलवारबाज होता, पण स्वभाव घरचाच आणला होता.

"मागे लाकडं रचलीयेत," औषधवाला म्हणाला. "बाकी काही नाही."

"काही नाही म्हणजे काय नाही, भावोजी?"

तिघांतल्या तिसऱ्या होत्या भूगोलाच्या बाई. खेळात त्या वाटाड्या. त्यांनी चुलीवरचा रस्सा आधी खेचराला पाजला. खेचर मजेत राहिलं. त्यावर बाईंचं म्हणणं पडलं की विष सावकाश भिनणारं असणार. मेहुण्याने भिंती ठोकून पाहिल्या, जमिनीत हाडं शोधली, म्हातारीची सावली पडते का तेही पाहून घेतलं. दर वेळी औषधवाला सांगायचा की काही सापडलं नाही, आणि दर वेळी दोघांची खात्री आणखी पक्की व्हायची. चूक त्याचीच. वाटेत रडणारं तान्हं दिसलं तर त्याच्या दुपट्यात सुरी असते, हे त्यांना इतकी वर्षं त्यानेच शिकवलं होतं.

डॉक्टरने मात्र एकदाही फासा उचलला नाही.

शेवटी मेहुण्याने निकाल दिला. इतकं निर्दोष प्रकरण त्याने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं, म्हणजे घोटाळा मोठा आहे. घर पेटवून द्यावं. म्हातारी खरी असेल तर येईल बाहेर. बाईंनी दुजोरा दिला.

अहो, हे घर खरंच चांगलं आहे, एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटत होतं. पण मग ते घर त्याचं झालं असतं, म्हातारीचं राहिलं नसतं. औषधवाल्याने विचारलं, मशाल कोण पेटवतंय?

"मी," मेहुणा म्हणाला. "डॉक्टर, तुम्ही बाहेर या."

"मी चुलीपाशी बसलेय."

"अहो, आम्ही जाळतोय."

"जाळा की. मी पाय शेकतेय."

मेहुण्याने औषधवाल्याकडे पाहिलं, बाईंनी मेहुण्याकडे.

"म्हातारी काही म्हणतेय का?" डॉक्टरने विचारलं.

ठगांचे, सावकारांचे, भोंदू साधूंचे आवाज औषधवाल्याला तोंडपाठ होते. हिच्या आवाजात दारातल्या स्वागतापलीकडे काय बोलायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या शेजारी येऊन बसलीये. लाकूड आत सारतेय."

"काय झालं, कसं झालं, विचारत नाही?"

"नाही विचारत."

डॉक्टरने मान हलवली. मग, थोडंसं दुखेल असं पेशंटला सांगावं त्या सुरात ती म्हणाली, "तिला सांगा, मांत्रिक रडतोय. फार नाही."

"तिला दिसतंय ते," औषधवाला म्हणाला.

मग बाईंनी आपण खेचराला आडोशाला बांधून आत येत असल्याचं कळवलं.

"मी मशाल विझवतो," मेहुणा म्हणाला. "पण आत येणार नाही. विश्वास नाही आपला. मी आपला दाराबाहेर बसतो, तलवार घेऊन."

"कशासाठी?" औषधवाल्याने विचारलं.

"कोणी घर जाळायला आलं तर?"

शक्यता होती. त्या जगात तशी माणसं बरीच होती.