दहा हिवाळे

लेक मला तिच्याकडे थंडीच्या मुलखात नेणार होती, म्हणून जॅकेट घ्यायला आलो होतो. हे तिसरं दुकान. तिचं काही केल्या मन भरेना. एकाची शिवण ओढून बघ, दुसऱ्याची चेन दहादा वर-खाली कर, मध्येच फोन वाजला की कट कर. घालून-काढून मी घामाघूम.

"काका किती दिवस जाणार?" दुकानदाराने विचारलं.

"दोनच महिने. हिच्याकडचा बर्फ बघायचा आणि परत घरी."

"मग हे हलकं न्या की. दोन महिने आरामात निघतील."

"नको, दुसरं दाखवा," लेक माझ्याकडे न बघता म्हणाली.

दोन महिन्यांच्या पाहुण्याला एवढी चिकित्सा कशाला, मला कळेना. शेवटी दुकानदाराने वरच्या फळीवरून एक जाडजूड जॅकेट काढलं. "हे घ्या ताई. दहा हिवाळे काही होणार नाही याला."

तासाभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "हेच द्या."

तिने ते मला घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तिने पुन्हा कट केला.

"घे गं तो फोन," मी म्हणालो. "आपल्या घराला गिऱ्हाईक मिळालं असेल."